माझ्यातले बारा ग्रॅम

थांबा, थांबा! उघड्या हातांनी उचलू नका मला. तिथे मऊ कापड ठेवलंय, ते घ्या आधी. बोटांचा घाम लागला तरी माझ्या अंगावर डाग पडतो, आणि एकदा डाग पडला की मला चैन पडत नाही. हां, आता ठीक आहे. बसा, मित्रांनो.

मी एक किलोचं जुनं पितळी वजन आहे. बाजारात काट्यावर आदळआपट करून घेणारं साधंसुधं वजन नव्हे बरं का! मी सरकारी आहे. वजनमापांच्या ऑफिसातलं. गावातल्या दुकानदारांची वजनं खरी की खोटी, हे माझ्याशी ताडून ठरवतात. त्यामुळे स्वभाव थोडा ताठ झालाय माझा, ते आधीच कबूल करतो. एकदा तो ताठा चांगलाच जिरला, तीच गोष्ट सांगायला बसलोय.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. मला घडवणारा कारागीर म्हातारा होता, एका डोळ्याला भिंग लावून काम करायचा. त्याने मला ओतलं, लेथवर फिरवून गुळगुळीत केलं, आणि डोक्यावर धरायला एक गुंडी बसवली. गंमत अशी, की त्याने मला मुद्दामच किलोपेक्षा थोडं हलकं ठेवलं होतं. गुंडीखाली एक पोकळी होती. तिच्यात त्याने शिशाचे बारीक छर्रे एकेक करून सोडले. एक टाकायचा, काटा बघायचा. दुसरा टाकायचा, काटा बघायचा. शेवटचा छर्रा त्याने पात्याने अर्धा कापला आणि अर्धाच टाकला. मग काटा मधोमध स्थिर झाला. त्याने गुंडी घट्ट पिळली, तिच्या कडेला लाखेची टिकली लावली आणि शेजारच्याला म्हणाला, "आत्ता हा किलो झाला. मघापर्यंत नुसतं पितळ होतं."

ते छर्रे भरले बारा ग्रॅम. लक्षात ठेवा हं, कारण मी मात्र विसरलो होतो.

मग मला निळ्या मखमलीच्या पेटीत घातलं. त्या पेटीत माझी भावंडं होती. पाचशे ग्रॅमचं एक, दोनशेची जुळी आणि शंभरचं शेंडेफळ. ती सगळी अखंड पितळाची, त्यांच्यात पोकळी नव्हती. आम्ही ऑफिसात आलो आणि कामाला लागलो. वर्षातून एकदा बाजारात आमचं टेबल लागायचं. दुकानदार आपापली लोखंडी वजनं पिशवीत घालून रांगेत उभे राहायचे. एका पारड्यात मी, दुसऱ्यात त्यांचं वजन. बरोबर असेल तर त्यावर शिक्का ठोकायचा, नसेल तर दुरुस्तीला पाठवायचं. मोठमोठे दुकानदार माझ्यासमोर श्वास रोखून उभे राहायचे. मी तेव्हा मनातून फार फुगायचो.

पण माझी खरी कमाई वेगळीच होती. बाजारात वजन होत असताना कुणी काट्याकडे बघत नसे! बायका भाजीवाल्याला "दे एक किलो" म्हणायच्या आणि तोंड फिरवून मैत्रिणीशी बोलत राहायच्या. तो घालेल ते पिशवीत. घरी जाऊन पुन्हा मोजणं नाही, की भांडण नाही. त्यांना वाटायचं, आपला भाजीवाल्यावर विश्वास आहे. भाजीवाल्याला वाटायचं, गिऱ्हाइकाचा आपल्यावर विश्वास आहे. दोघांच्या मधे मी उभा होतो, हे दोघांच्याही गावी नव्हतं. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट सुखच वाटायचं.

आता दुसरी बाजू सांगतो. नियम असा होता, की दरवर्षी मलाही तपासून घ्यायचं. शेजारच्या शहरात मोठं ऑफिस आहे, तिथे माझ्याहूनही वरच्या मानाचं वजन असतं. त्याच्याशी मला ताडायचं. पहिली काही वर्षं नेलं मला. मग एका वर्षी गाडी मिळाली नाही. दुसऱ्या वर्षी अर्जावर सही राहिली. तिसऱ्या वर्षी कुणाला आठवणच झाली नाही. मधेच कधीतरी गुंडीखालची लाखेची टिकली गळून पडली, आणि झाडूबरोबर कचऱ्यात गेली. कुणी ते लिहून ठेवलं नाही. मीही काही बोललो नाही. मला कोण तपासणार, असंच मला वाटू लागलं होतं.

त्याच सुमारास ऑफिसात नवे शिपाई आले. सगळे त्यांना मामा म्हणायचे. मामांची आधीची सगळी नोकरी दवाखान्यात झालेली. तिथे फरशीवर एक डाग दिसला तर मोठ्या डॉक्टरीण बाई इमारत डोक्यावर घ्यायच्या. त्यामुळे मामांचा हात सदा फडक्यावर. आल्या आल्या त्यांनी खिडक्यांच्या काचा पुसल्या, पंख्याची पाती पुसली, टेबलाखाली चिकटलेले वर्षानुवर्षांचे डिंकाचे गोळे सुरीने खरवडून काढले. स्वभावाने देवमाणूस. पण वजनांना मऊ कापडाने नुसतं टिपायचं असतं, घासायचं नसतं, ही गोष्ट त्यांना कुणीही सांगितली नाही.

एक दिवस साहेबांनी जाहीर केलं, की पुढच्या आठवड्यात वरून अधिकारी तपासणीला येणार. मामांना चेवच चढला. त्यांनी पेटी उघडली, मला हातात घेतलं आणि म्हणाले, "अरेरे! काय ही अवस्था तुझी!" मग पितळ उजळायची पावडर आली, जुनी चिंधी आली. घासता घासता गुंडी त्यांच्या हातात फिरली. ती ढिली झालीच होती. मामांनी ती पिळून काढली, आत डोकावून पाहिलं, आणि कपाळावर हात मारला.

"बघा! एवढी वर्षं कुणी आत हात घातलेला नाही. केवढा कचरा साचलाय!"

आणि त्यांनी मला पालथं करून माझे बारा ग्रॅम केराच्या डब्यात झटकले. वर दोन चापट्याही मारल्या, एखादा कण राहिला असेल तर तोही पडावा म्हणून! मग आतून-बाहेरून पुसलं, गुंडी पुन्हा घट्ट बसवली, आणि मला मखमलीवर ठेवलं. खरं सांगू? मला फार बरं वाटलं. अंग कसं हलकं हलकं झालं होतं. मी म्हटलं, आंघोळीचा गुण. माझ्यासारखा गाढव मीच.

दुसऱ्याच दिवशी आमची दुकानं तपासायची फेरी सुरू झाली. त्या वर्षी बाजारात टेबल न लावता दुकानोदुकानी जायचं ठरलं होतं. आमच्या निरीक्षक बाई वयाने तरुण, कामाला चोख. कुणाचा चहासुद्धा घेत नसत. कोपऱ्यावरचं पहिलंच दुकान रद्दीवाल्या काकांचं होतं.

या काकांबद्दल सांगायला हवं. दुकान एवढंसं, छतापर्यंत वर्तमानपत्रांचे गठ्ठे. काका बोलायला तिरकस. कुणी रद्दीबरोबर वह्या आणल्या तर आधी प्रत्येक वही चाळायचे आणि कोरी पानं निघाली की ओरडायचे, "अहो, अर्धी वही कोरी आहे! घरी न्या, हिशोबाला होईल." ते सगळ्या गल्लीच्या आधी दुकान उघडायचे आणि सगळ्यांच्या नंतर बंद करायचे. म्हणून गल्लीतले लोक कामाला जाताना घराची चावी त्यांच्याकडे टाकून जायचे. आतल्या फळीवर खिळ्यांची रांग होती, त्यावर सतरा चाव्या टांगलेल्या असत. शेजारच्या शिवणवाल्या ताईंच्या दुकानाची चावीही त्यात होती. आमचे मामा त्याच गल्लीत राहायचे, त्यांचीही होती. कुणी कधी पावती मागितली नाही.

बाईंनी काकांच्या काट्यावर एका बाजूला मला ठेवलं, दुसऱ्या बाजूला काकांचं लोखंडी किलोचं वजन. लोखंडी पारडं खाली गेलं. बाईंनी पारडी बदलून पाहिली. पुन्हा लोखंडी खाली. जास्त किती, ते मोजलं. बारा ग्रॅम.

तुमच्या लक्षात येतंय ना? भाजीवाल्याचं वजन भारी निघालं तर गिऱ्हाइकाला चार दाणे जास्त जातात. पण रद्दीवाला माल विकत घेतो. त्याचं वजन भारी, म्हणजे तो लोकांची जास्त रद्दी किलोभराच्या भावात उचलतो. म्हणजे सरळसरळ लबाडी.

"काका, हे जास्त भरतंय," बाई म्हणाल्या.

"शक्य नाही. गेल्या वर्षी तुमच्याच ऑफिसने शिक्का मारलाय. हा बघा."

"तेव्हा बरोबर असेल. लोखंड आपोआप वाढत नाही, काका. तळाला काही भरलंय का?"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "बाई, बावीस वर्षं या कोपऱ्यावर बसतोय मी," एवढंच ते म्हणाले. अकराची वेळ, गल्ली माणसांनी भरलेली. लोक थांबून बघू लागले. बाईंनी नियमाप्रमाणे वजन जप्त केलं, काट्याला सील लावलं, दारावर नोटीस चिकटवली. पंधरा दिवसांनी सुनावणी, तिथे दोष सिद्ध झाला तर परवाना रद्द. साक्षीदार म्हणून शेजारच्या ताईंनी सही केली. सही करताना त्यांनी काकांकडे पाहिलं नाही.

आणि मी? मी पारड्यात मिरवत होतो! मला वाटलं, बघा, माझ्यासमोर कुणाची लबाडी चालत नाही.

काकांचं ते लोखंडी वजन ऑफिसात आलं आणि कपाटात माझ्या शेजारीच ठेवलं गेलं. काळं, खडबडीत, कडेला टवका उडालेलं. मी त्याला नाही नाही ते बोललो. चोर म्हणालो, लाज काढली. ते बिचारं एवढंच म्हणालं, "मी होतो तेवढाच आहे." मी नाक मुरडून तोंड फिरवलं.

तो दिवस जप्तीच्या कागदपत्रांतच गेला, आणि मग आठ दिवस बाईंची फेरी थांबली, कारण वरच्या अधिकाऱ्यांची भेट होती. अधिकारी आले, मला बघून "वा, काय चकाकतंय!" म्हणाले आणि गेले. मामा दिवसभर हसतमुख होते. पण संध्याकाळी कपाट पुसताना ते साहेबांच्या टंकलेखिकेला गल्लीतली हकीकत सांगायचे, आणि त्यांचा आवाज रोज थोडा उतरत जायचा.

पहिल्या दिवशी दोन चाव्या गेल्या. "पाहुणे यायचेत, चावी घरीच लागेल," असं सांगून कुणीतरी नेली. दुसऱ्याने कुलूप बदलल्याचं सांगितलं. तिसऱ्या दिवशी पाच गेल्या. तोंडावर कुणीच काही बोललं नाही, सगळ्यांनी गोड बोलून नेल्या. काका काढून द्यायचे. शिवणवाल्या ताई स्वतः आल्याच नाहीत, त्यांनी भाच्याला पाठवलं. आठवडाभरात फळीवर एक चावी उरली, ती आमच्या मामांची.

"काल घरी विषय निघाला," मामा सांगू लागले. "ही म्हणाली, अहो, सगळ्यांनी नेल्या, आपलीच कशाला ठेवता? मी म्हटलं, असा नाहीये गं तो माणूस. तर म्हणते, मग ऑफिस खोटं बोलतंय का? तुमचंच ऑफिस आहे ना? आता यावर काय बोलणार! गेलो आणि घेऊन आलो."

"काय म्हणाले काका?"

"काही नाही. खिळ्यावरून काढून दिली. 'संभाळून न्या' म्हणाले."

आणि गोष्ट एकट्या काकांवर थांबली नाही, मित्रांनो. बावीस वर्षं ओळखीचा माणूस असा निघाला, तर कालपरवा आलेल्यांचं काय, असं लोकांना वाटू लागलं. बायका भाजीवाल्याच्या काट्यावर डोळे रोवून उभ्या राहू लागल्या. दूधवाल्याचं माप एकीने हातातून हिसकावून बघितलं. पिठाच्या गिरणीत दोन सभ्य माणसं वाटीभर पिठावरून हमरीतुमरीवर आली. शिवणवाल्या ताईंकडे एक गिऱ्हाईक उरलेलं कापड मोजायला स्वतःची टेप घेऊन आलं, तेव्हा ताई रडल्या म्हणे. सगळी माणसं तीच होती, कालचीच.

नवव्या दिवशी फेरी पुन्हा सुरू झाली. पुढच्या गल्लीत पहिला फळवाला. त्याचं वजन माझ्याहून भारी निघालं, बारा ग्रॅम. बाईंच्या भुवया आक्रसल्या. दुसरा खिळेमोळे विकणारा. बारा ग्रॅम भारी. बाईंनी पुन्हा मोजलं. तिसरी धान्यवाली मावशी, तिचंही तेवढंच. मावशी हसून म्हणाली, "म्हणजे बाई, मी इतकी वर्षं लोकांना फुकट तांदूळ वाटतेय की काय? बघा हं, घरी कळलं तर मला घरात घेणार नाहीत!"

बाई हसल्या नाहीत. विकणाऱ्याने भारी वजन वापरलं तर त्याचंच नुकसान. मग एकाच बाजारात तीन-तीन दुकानदार इतके उदार कसे? आणि तेही मोजून बारा ग्रॅमने? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. असं माझ्याकडे आजवर कुणीच पाहिलं नव्हतं.

ऑफिसात येऊन त्यांनी दार लोटलं, काचेच्या कपाटातला मोठा काटा उघडला. एका पारड्यात मला ठेवलं. दुसऱ्या पारड्यात माझी भावंडं, पाचशे, दोनशे, दोनशे आणि शंभर. मिळून किलो. मग हात काढून घेतला.

मी वर गेलो.

काय सांगू तुम्हाला! माझं सगळं आयुष्य दुसऱ्यांना वर-खाली करण्यात गेलं, आणि त्या दिवशी मी हवेत लटकत होतो. खाली माझं शेंडेफळ माझ्याकडे टकामका बघत होतं. शेजारच्या फळीवर काकांचं काळं वजन होतं. त्याच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही. त्याला मी जे जे बोललो होतो, ते सगळं मला आठवत होतं.

बाईंनी मामांना हाक मारली. "मामा, या वजनाला कुणी हात लावला होता?"

"मी, बाई. साफ केलं होतं," मामा कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले. "आतूनसुद्धा! गुंडी काढून. आत शिशाचा कचरा होता सगळा."

बाईंनी शांतपणे समजावून सांगितलं, तो कचरा काय होता ते. मामा उभ्या उभ्या खुर्चीला टेकले. त्यांनी नोकरीचा विषय काढला नाही, माफीचाही नाही. ते एवढंच म्हणाले, "मी तर चावीपण घेऊन आलो हो त्यांच्याकडून."

"चूक तुमच्या एकट्याची नाही, मामा. तुम्हाला सांगायला हवं होतं. आणि तीन वर्षं हे वजन तपासायला गेलेलं नाही, हे मी वापरायच्या आधी बघायला हवं होतं."

बाई तशाच साहेबांकडे गेल्या. साहेबांचं टेबल कपाटासमोरच, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. साहेब काही वाईट माणूस नव्हेत. पण ऐकून त्यांनी आधी दाराकडे पाहिलं.

"हे बघा," ते हळू आवाजात म्हणाले, "छर्रे भरून घ्या. रद्दीवाल्याचं वजन परत करा, सील काढा. कागदावर लिहू, ताकीद देऊन सोडलं म्हणून. विषय संपला."

"आणि लोकांना?"

"लोकांना कशाला? सरकारी वजनच खोटं निघालं म्हटलं तर उद्या कोण विश्वास ठेवेल आपल्यावर?"

"साहेब, गुपचूप सोडलं तर लोक काय म्हणतील ठाऊक आहे? काकांनी काहीतरी देऊन सोडवून आणलं. म्हणजे ते चोर ते चोरच राहतील, आणि वर आपण लाचखाऊ. बारा ग्रॅम झाकायला एवढं?"

साहेबांनी पेन उघडलं, बंद केलं. पुन्हा उघडलं. चहा समोर गार झाला. मग ते उठले, आणि खुंटीवरची टोपी घेत म्हणाले, "चला. मीही येतो. सील आपल्या ऑफिसचं आहे, एकट्या तुमचं नाही."

संध्याकाळी पाच वाजता आम्ही गल्लीत पोचलो. पेटी बाईंच्या हातात, मोठा काटा मामांच्या डोक्यावर. काका धंदा बंद पडलेल्या दुकानाच्या पायरीवर बसले होते. आम्हाला बघून ते उठले, त्यांना वाटलं आता दुकानालाही कुलूप लागणार. साहेबांनी पायरीवर काटा मांडायला लावला. लोक जमले. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी भावंडं एका पारड्यात ठेवली, काकांचं काळं वजन दुसऱ्यात. काटा मधोमध उभा राहिला. मग त्यांनी ते काळं वजन उचललं आणि त्या जागी मला ठेवलं. मी वर गेलो, अख्ख्या गल्लीसमोर.

"खोटं होतं ते आमचं वजन," साहेब मोठ्याने म्हणाले. "यांचं खरं आहे. चूक ऑफिसची. यांची काडीमात्र नाही."

मामा पुढे झाले, आणि घडलं ते सगळं त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, दवाखान्यापासून केराच्या डब्यापर्यंत. मला वाटलं, आता काका रडतील, नाहीतर चिडतील. काकांनी घड्याळाकडे पाहिलं.

"साहेब, सील लावलं ते सकाळी अकराला," ते म्हणाले. "तेव्हा होती ती माणसं आत्ता इथे नाहीत. अर्धी तर सकाळच्याच बाजाराला येतात. उद्या अकराला परत या, आणि हेच सगळं पुन्हा सांगा."

साहेबांनी खिशातल्या डायरीत वेळ लिहून घेतली. मग म्हणाले, "येतो."

आणि आले! दुसऱ्या दिवशी अकराला पुन्हा काटा मांडला, पुन्हा मी वर गेलो, पुन्हा साहेब तेच बोलले. दुसऱ्या खेपेला मला आदल्या दिवसाइतकी लाज वाटली नाही. उलट, थोडं बरंच वाटलं. खोटं वजन पारड्यात चढून स्वतःहून वर जातं, तेव्हा त्याच्या हातून निदान एक तरी खरं काम होतं.

चाव्यांचं म्हणाल, तर सगळ्यात आधी मामांची परत आली, पहिल्याच संध्याकाळी. मामा ती हातात घेऊन नुसतेच उभे होते. काका म्हणाले, "खिळा जागेवरच आहे." बाकीच्या हळूहळू आल्या. शिवणवाल्या ताई चौथ्या दिवशी आल्या, या वेळी स्वतः आल्या, आणि चावी देताना हुंदके देऊ लागल्या. "सही तर करावी लागलीच असती," काका म्हणाले, "पण माझ्याकडे बघून करायची होतीत." मग त्यांनीच ताईंना पाणी दिलं. दोन चाव्या कधीच आल्या नाहीत. काकांनी विचारलं नाही.

मला शहरातल्या मोठ्या ऑफिसात नेलं. तिथे माझ्यात पुन्हा छर्रे भरले, शेवटचा अर्धा कापून. नवी लाख लागली. आता मी दरवर्षी जातो, गाडी नाही मिळाली तर बाई मला बसमधून मांडीवर घेऊन जातात. मामांनी स्वतःच्या हाताने पेटीच्या झाकणावर एक चिठ्ठी चिकटवलीय, 'घासू नये, उघडू नये, आतला कचरा कचरा नाही.' साहेब हसले, पण काढायला सांगितली नाही.

मित्रांनो, मी सुखात आहे. पूर्वीइतका ताठ राहिलो नाही, पण जास्त खरा आहे. माझं एवढंच मागणं आहे. माझ्यासारखी वजनं, शिक्के, काटे, नोंदवह्या तुमच्या गावातही असतील. कुठल्यातरी कपाटात गप्प बसलेली. त्यांची काळजी घ्या. त्यांना चकचकीत करू नका, खरं ठेवा. आम्ही खोटे झालो तर आमचं काही बिघडत नाही, आम्हाला पुन्हा भरता येतं. तुम्ही मात्र शेजाऱ्याकडून चावी परत घेऊन येता. आणि आमच्याबद्दल शंका आली तर बेलाशक विचारा. त्यात आमचा अपमान नाही.

परवाचीच गोष्ट. वर्षाची तपासणी, बाजारात टेबल लागलेलं, रांग पार वळणापर्यंत. आता बाई आधी आमची पेटी उघडतात आणि विचारतात, "सुरू करायच्या आधी आमची वजनं कुणाला तपासायचीत का?" सगळे एकमेकांकडे बघतात. सरकारला कोण तपासणार! रद्दीवाले काका पिशवी खाली ठेवून पुढे आले. त्यांनी मला पारड्यात ठेवलं, समोर माझी भावंडं. काटा थांबेपर्यंत थांबले. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग पारडी अदलाबदल करून पुन्हा सगळं पहिल्यापासून. मागून कुणीतरी ओरडलं, "काका, उरका की! ओळखीची माणसं आहेत ती."

"ओळखीची आहेत म्हणूनच," काका मागे न बघता म्हणाले.

काटा मधोमध थांबला. काकांनी मान डोलवली, पिशवीतून आपलं काळं वजन काढलं आणि बाईंसमोर ठेवलं.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "आता माझं बघा."